मागून आणलेल्या खाटा

उत्तनच्या पेर्पेतबायला लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण बोलण्यात तिला कुणी हरवू शकत नसे. नवऱ्याची जाळी ठेवायची खोली तिने बोलून बोलूनच रिकामी करून घेतली आणि तिथे बायकांच्या बाळंतपणाची सोय केली. त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिची नणंद अडली होती. वसईला न्यायला होडीत घातली, ती वाटेतच गेली. मग गावच्या बायकांनी मंडळ काढलं, घरोघरचे सुके बोंबील विकून नर्स ठेवली. आता तेवढ्याने भागेना. नर्स कमळाबाईंना वसईहून दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. सरकारी ग्रँट मिळाली तरच त्या राहणार होत्या.

सन अडतीसच्या मे महिन्यात ठाण्याचे साहेब पाहणीला यायचे ठरले. पेर्पेतबाय आदल्या दिवशीच भाईंदरला जाऊन राहिली आणि सकाळी साहेबांना बैलगाडीतून घेऊन निघाली. वाटभर तिने सगळं सांगितलं. दोनच चटया आहेत, तिसरी बाई आली की ओटीवर गोणपाटावर निजते. साहेब मान हलवून लिहून घेत होते. काम झालंच, असं तिला वाटलं.

खोलीच्या दारात मात्र तिचा पाय अडला. भिंतींना नवा चुना. ओळीने चार खाटा, त्यांवर लग्नाच्या पेटीतल्या लेसच्या चादरी. कोपऱ्यात घासलेली तांब्याची भांडी. बाळंतीण एकही नाही. कमळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी सांगून पाहिलं," एवढंच त्या पुटपुटल्या.

"बाई, तुम्ही चटया म्हणाला होतात," साहेब हसले.

"खाटा आमच्या न्हायत, साहेब. मागून आणल्यात."

शेजारीण आग्नेस पदर सावरत पुढे आली. "आमची बाय लाजरी हाय. तिला कौतुक सोसत न्हाय!"

बायका खो खो हसल्या. पेर्पेतला लाजरी म्हणणारं माणूस गावात आजवर झालं नव्हतं.

पेर्पेतने आग्नेसला बाजूला ओढलं. "बाळंतिणी कुठं हायत?"

"घरी धाडल्या. चटईवर पडलेल्या बाया साहेबाला दाखवायच्या? गावाची अब्रू हाय का न्हाय?"

पेर्पेत स्वतः धावत कोळीवाड्यात, घरी धाडलेल्या लक्ष्मीला आणायला गेली. लक्ष्मीची सासू दार अडवून उभी राहिली. "पाच दिसांची बाळंतीण परक्या पुरुषापुढं नेशील? येडी झालीस का, बाय?"

ती हात हलवत परतली तेव्हा साहेबांना तळलेलं पापलेट वाढणं चाललं होतं. ते मनापासून जेवले. हात धुताना म्हणाले, "पैसा थोडा आणि मागणारी गावं फार. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना आधी द्यावं लागतं. तुमचं छान चाललंय."

"मी खोटं न्हाय बोलत, साहेब. इचारा या सगळ्यांना!"

साहेबांनी विचारलं. खाटा देणाऱ्या चौघी आपापल्या खाटेकडे बघत राहिल्या. "सगळं मंडळाचंच हाय," आग्नेस म्हणाली.

"आधी तुमच्यात एकमत करा, बाई," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

गाडी वळणापलीकडे गेली तशी आग्नेसने टाळी वाजवली. "कसा खूश होऊन गेला! आता ग्रँट आलीच समज." चुन्याने तिची बोटं सोलवटली होती. दोन दिवस तिने घरची चूल पेटवली नव्हती, हे पेर्पेतला मागाहून कळलं. पण त्या क्षणी ती बोटं बघूनच पेर्पेत बाजूला झाली.

कमळाबाई जवळ आल्या. "वसईला काय कळवू?"

"येते म्हणून कळवा," पेर्पेतबाय म्हणाली.

बायका खाटा उचलायला लागल्या. आग्नेसची लेक रीटा माहेरी आली होती, श्रावणात तिचे दिवस भरायचे होते. तीही वाकून एका खाटेच्या पायाला हात घालू लागली.

"ए, तू न्हाय हात लावायचा," आग्नेस ओरडली. "नर्सबाई रागावतील."