अकरा नंबरची बाई

नॉलेज मॅनेजमेंट या विषयात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला होते. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. नोकरीच्या अर्जात लिहावं लागतं म्हणून लिहिते, आणि लिहिताना दर वेळी तोंड कडू होतं.

विषयाचं पूर्ण नाव लांबलचक, नॉलेज मॅनेजमेंट आणि बिझनेस डेटा अॅनालिसिस. रत्नागिरीच्या कॉलेजात मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला तो होता. शिकवायला सर पुण्याहून आलेले. ते नोट्स सांगायचे, आम्ही मुकाट्याने उतरवून घ्यायचो. ज्ञान दोन प्रकारचं असतं. एक कागदावर आलेलं, दुसरं माणसाच्या हातात नि डोक्यात राहिलेलं, जे त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणून परदेशातल्या कुठल्याशा मोटार कारखान्यातला एक म्हातारा यायचा. तो म्हणे नुसत्या आवाजावरून इंजिनातला बिघाड ओळखायचा. तो म्हातारा मला तोंडपाठ होता. परीक्षेत मी त्याच्यावर दीड पान लिहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले.

सरांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं, "डेटा बोलतो, आपण फक्त ऐकायचं." बोलतो कसला डोंबलाचा! पण तेव्हा मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की वहीच्या पहिल्या पानावर रंगीत पेनाने लिहून ठेवलं होतं.

माझी आई, आम्ही तिला आय म्हणतो, पालीच्या अलीकडच्या एका काजूच्या कारखान्यात जायची. बी फोडून आतला गर भट्टीत सुकवतात, मग त्याची तांबडी साल काढायला तो बायकांकडे येतो. साल काढताना गर अख्खा राहिला पाहिजे, तुकडा झाला की त्याची किंमत उतरते. संध्याकाळी मुकादमीण प्रत्येकीचा अख्खा गर आणि तुकडा वेगवेगळा तोलून रजिस्टरात लिहायची. आय हे काम माझ्या जन्माआधीपासून करत होती. बाबा मुंबईला कामाला, शिमगा आणि गणपतीला येणार. त्यामुळे आयचं सगळं जग ते तिथलंच. रोज सकाळी आमच्या बौद्धवाडीच्या वळणावर कारखान्याचा टेम्पो थांबायचा आणि ड्रायव्हरच्या पाठीला लागून असलेल्या जागेवर दुमडलेलं पोतं टाकून आय बसायची. ती जागा तिची. दुसरी कुणी बसली तर बाकीच्या बायका तिला उठवायच्या. "माझा खाडा नाय," हे ती ज्या तोऱ्यात सांगायची, त्या तोऱ्यात लोक पोराची डिग्रीसुद्धा सांगत नाहीत. ताप असला तरी जायची, आमच्याशी भांडून जायची, पण जायची.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचं होतं, खऱ्याखुऱ्या धंद्याचा डेटा घेऊन. वर्गातल्या निम्म्या पोरांनी नेटवरून उचललं आणि पुठ्ठा लावून दिलं. मला तसलं करायचं नव्हतं, मी हुशार ना! आय म्हणाली, "मी इचारतंय शेठना." आणि तिने खरंच विचारलं. ज्या माणसाशी इतक्या वर्षांत ती कामाव्यतिरिक्त चार शब्द बोलली नव्हती, त्याच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "शेठ, माझी पोर शिकते हाय. तिला तुमची रजिस्टरं जरा बघू द्या." शेठ हसून हो म्हणाले. त्या दिवशी घरी आली ती सत्कार होऊन आल्यासारखी.

दोन हंगामांची रजिस्टरं मी लॅपटॉपवर चढवली. सर म्हणाले, नावं नकोत, नंबर दे, प्रायव्हसी असते. मी बायकांना नंबर दिले. आय यादीत अकरावी होती, म्हणून अकरा नंबर. तो मी माझ्या हाताने टाकला.

मग चार्ट काढला. प्रत्येक बाईची दिवसाची सरासरी, अख्खा गर किती, तुकडा किती. चांगल्या बायका हिरव्या, बऱ्या पिवळ्या, खालच्या लाल. अकरा नंबर तळाला होता, लालभडक. नव्याने आलेल्या पोरीसुद्धा तिच्या वर होत्या. मला आधी वाटलं, काहीतरी चुकलं असणार. मी आकडे पुन्हा तपासले, आकडे बरोबर होते. आणि खरं सांगायचं तर मला आयची लाज वाटली.

तिला विचारलं मात्र. ती मागीलदारी कोळंबी सोलत बसली होती.

"आय, तुझं वजन एवढं कमी कसं गो?"

तिने पुढची कोळंबी उचलली. मग म्हणाली, "हात चालत नाय आता पयल्यासारखे. वय झालं गो बाय."

हे बोलताना तिच्या हातातून एकेक कोळंबी सोलून भांड्यात पडत होती, मला मोजतासुद्धा आली नसती इतक्या भरभर. मी समोर उभी होते. डोळे होते मला. आत जाऊन मी टाइप केलं, "अकरा नंबर : वयानुसार कार्यक्षमतेत घट." शेवटी शिफारस लिहिली की तळाच्या पाच कामगारांच्या जागी नवीन प्रशिक्षित कामगार घ्यावेत. ती पाचची ओळ सरांनी सुचवली होती, पण लिहिली मी. आणि लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं, की बघा, मी सख्ख्या आईलाही सोडलं नाही, याला म्हणतात निःपक्षपातीपणा. कपाळ माझं!

प्रेझेंटेशनला सरांनी शेठना बोलावलं. ते पहिल्या रांगेत बसले, शेवटी उठून टाळ्या वाजवल्या आणि रिपोर्टची प्रत मागून घेतली. संध्याकाळी आयने विचारलं, "शेठ काय बोलले?" मी म्हटलं, खूष झाले. तिने शिरा केला, शेजारच्या चार घरांत वाटला. मीसुद्धा दोनदा घेऊन खाल्ला.

पावसात कारखाना बंद असतो. गणपती झाले की परत सुरू होतो. पहिल्या दिवशी आय डबा भरून वळणावर गेली. मी कामाच्या मुलाखतीला जायचं म्हणून एसटीची वाट बघत तिच्या शेजारीच उभी होते. टेम्पो आला, हळू झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "काकी, यादीत नाव नाय तुमचं. शेठनी नवीन यादी दिलीय." टेम्पो निघून गेला. आयने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "तुझी गाडी येईल, तू जा." आणि घराकडे वळली.

मी मुलाखतीला गेले नाही. दुपारी घरात आय जेवायला बसली, ती तोच कामावरचा डबा उघडून. ताट घेतलं नाही. मला राहवेना.

"आय, ती यादी माझ्यामुळे झाली."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "अकरा नंबर कोण, ता शेठनी मुकादमणीला इचारलान."

बस, एवढंच. चिडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. तिने डबा घासला आणि पालथा घालून ठेवला.

शिव्या घातल्या त्या खालाने. खाला मोहल्ल्यातली, कारखान्यात कित्येक वर्षं आयच्या समोर बसणारी. त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी ती तरातरा आमच्या दारात आली. आय पाण्याला गेली होती. खाला ओट्यावरसुद्धा बसली नाही.

"एवढं शिकलीस, आणि तुला साधं विचारता आलं नाय?"

"विचारलं होतं खाला. ती म्हणाली, हात चालत नाहीत."

"आणि तुला ता पटला? या अल्ला, पोरी, कुणाचे हात चालत नाय? तिचे?"

मग तिने सांगितलं ते असं. भट्टीतल्या खालच्या ट्रेमधला गर नीट सुकत नाही, त्याची साल चिकटून बसते. जोर केला की तुकडा होतो. जुन्या बायका आल्या आल्या वरचे ट्रे उचलतात, खालचे उरतात ते नव्या पोरींच्या वाट्याला येतात. आय त्या पोरींकडचा चिकट गर स्वतःकडे ओढून घ्यायची आणि आपल्या ट्रेमधला सुटा गर मुठीमुठीने त्यांच्यात टाकायची. चिकट गर फडक्यात बांधून भट्टीच्या कडेला उबेत ठेवायची, किती वेळ ते तिच्या बोटांना कळायचं, मग अंगठ्याने पोटाच्या बाजूने साल सोडवायची. तुकडा होऊ द्यायची नाही, पण वेळ जायचा, आणि वजन पडायचं ते त्या पोरींच्या नावावर. सहा महिन्यांत पोरगी तयार झाली की पुढची नवी पोरगी आयच्या शेजारी. माल बदलायला शेठची बंदी होती. कळलं असतं तर आधी पोरी घरी गेल्या असत्या.

"तू लिहून घेतेस म्हणून तुला नाय बोलली ती," खाला म्हणाली. "तुझ्या कागदाला ती भ्यायली. स्वतःच्या पोरीला!"

मला तो परदेशातला म्हातारा आठवला आणि त्याच्यावरचं ते दीड पान फाडून टाकावंसं वाटलं. पण ते युनिव्हर्सिटीत जमा होतं.

दिवाळीनंतर शेठचा फोन आला. आयला नाही, मला. "अगं, यंदा तुकडा फार वाढलाय. व्यापारी माल परत पाठवतायत. तू डेटात बघून सांग ना, काय झालंय."

मला डेटा बघायची गरज नव्हती. मी म्हटलं, "शेठ, अकरा नंबर गेली, ते झालंय." आणि सगळं सांगितलं. आयने सांभाळलेल्या पोरी आता तयार झाल्या होत्या, त्यांना धोका नाही, असं मनाशी म्हणत सांगितलं. मग शेठ म्हणाले, "असं होय! मग बाईंना पाठव आठ दिवस. सगळ्यांना शिकवू देत. आणि तू त्याचा एक व्हिडिओ कर, कायमचं काम होईल."

"आणि आठ दिवसांनंतर?"

"बघू की."

मी आयसमोर बसले. शेठना चूक कळलीय, तू जा, तुझं काम बघितलं की ठेवून घेतील, असं काय काय बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"शिकवून झाल्यावर टेम्पो थांबेल?"

शेठ काय म्हणाले ते मला माहीत होतं. "थांबेल," मी म्हटलं. तिने मला खोटं सांगितलं होतं ते दुसऱ्यांच्या पोरींसाठी. मी तिला सांगितलं ते कशासाठी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझी चूक पुसली जाईल असं वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो थांबला. तिची जागा बायकांनी रिकामी ठेवली होती. आठ दिवस ती गेली, काही हातचं न राखता शिकवलं. कुठल्या ट्रेला आधी हात लावायचा, गर कानाजवळ हलवून काय ऐकायचं, फडकं किती ओलसर हवं. मी मोबाइल धरून उभी. शेठ मागून म्हणाले, "चेहऱ्याची गरज नाही गं, फक्त हात घे." मी मोबाइल खाली, तिच्या हातांवर आणला. व्हिडिओ छान झाला, सरांनी पुढच्या वर्गाला दाखवायला मागून घेतला.

नवव्या दिवशी टेम्पो वळणावर हळूसुद्धा झाला नाही. आय डबा घेऊन उभी होती, मी खिडकीतून बघत होते.

त्याला आता तिसरा हंगाम चाललाय. मी रत्नागिरीत एका ऑफिसात डेटाचंच काम करते, कामाला चांगली आहे म्हणतात. परवा खाला आली होती. गप्पा मारता मारता बोलून गेली की कारखान्यात आता मोठा टीव्ही लावलाय, आणि रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी नव्या पोरींना बसवून आयचे हात दाखवतात. बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं, तिने जीभ चावली.

आय तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिने ते उलटेसुलटे करून बघितले, माझ्याकडे बघितलं आणि हसली.

"रोज दावतात?" तिने खालाला विचारलं. "मग माझा खाडा नाय एकपण."

खालासुद्धा हसली. मी उठून मागीलदारी गेले.