बाईंना कागद कशाला?

भिवंडीतल्या पालिकेच्या शाळेत मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाले, तरी गल्लीत अजून सगळे मला 'बाई'च म्हणतात. रिक्षावाला हात करायच्या आत थांबतो, भाजीवाली रांग मोडून आधी माझी पिशवी भरते. मला ते आवडतं, उगाच लपवू कशाला? पण या मानापायीच एकदा माझ्या घरात अनर्थ होता होता राहिला.

आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. लग्न होऊन आले ती त्या खडखडाटात, आणि त्यातच गाढ झोपायला शिकले. शुक्रवारी लूम बंद राहायचे, तेव्हा आमच्या घरात सगळे टक्क जागे. पाहुण्यांना सांगितलं तर हसायचे. मग आमचे हे गेले, आणि वर्षाच्या आत कारखानाही बंद पडला. ती शांतता मला खायला उठायची. शेवटी डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "दहा दिवस. अकरावा नाही."

मी दोन वर्षं घेतल्या.

नाक्यावरच्या मेडिकलचा मालक माझा अगदी सुरुवातीचा विद्यार्थी. दहा दिवस संपल्यावर मी दुकानात गेले आणि पर्समध्ये जुना कागद शोधायला लागले, तर तो कानाला हात लावून म्हणाला, "बाई, तुम्हाला कागद कशाला? लाजवता की काय!" तेव्हापासून मी नुसती पायरी चढले की स्ट्रिप काउंटरवर. बिचाऱ्याने आदरापोटी केलं. आणि मी? मी फुगले.

मुलगा आखातात नोकरीला. घरात मी, सून आणि चार वर्षांची नात. सून जवळच्या दिघाशी गावची, बारावी झालेली. तिला शेकडेवारी आणि बिलं मीच शिकवली, रोज संध्याकाळी, पाटीवर. आज ती दापोड्याच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर बिलं काढते. तिच्या माहेरात अशी नोकरी करणारी ही पहिलीच. सकाळी सातला ती ड्युटीवर निघायची आणि पोरगी माझ्या हवाली.

मधल्या काळात माझं काहीतरी बिघडत चाललं होतं. सकाळी डोकं जड, पाय अडखळायचे. एकदा सतराचा पाढा म्हणताना सतरा सत्तेला अडले. मी! म्हटलं, वय झालं. एका गोळीने भागेना तेव्हा कधीतरी दुसरी घेऊ लागले, आणि घेतली की नाही हेही आठवेना.

एके दिवशी आठ वाजता कुणीतरी दार बडवलं. डोळे उघडेपर्यंत दार लोटून शेजारच्या खोलीतला लूम कामगार आत आला होता, कडेवर माझी नात. "बाईजी, बच्ची मेन रोड पे खड़ी थी. ट्रेलर वाले ने ब्रेक मारा तब देखा." तिच्या एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. आजी उठेना म्हणून ती आईला शोधायला निघाली होती.

संध्याकाळी सुनेने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पोरीचे पाय धुतले आणि म्हणाली, "आई, महिनाअखेर मी नोकरी सोडतंय. दुसरा उपाय न्हाय."

माझ्या पाटीवर शिकून मिळवलेली नोकरी माझ्यामुळेच सुटणार! आणि मी काय म्हणाले? "दाराची कडीच ढिली आहे." शरम वाटते सांगायला, पण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोळ्या संपल्या. मेडिकलमध्ये गेले तर मालक नव्हता, त्याची मुलगी बसली होती. तीही माझीच विद्यार्थिनी, नुकतीच फार्मसी होऊन आलेली. मी गोळीचं नाव सांगितलं.

"बाई, डॉक्टरांचा कागद?"

"तुझ्या बापाने कधी मागितला नाही."

"बाबांचं चुकलं. मी देणार नाही."

माझा पारा चढला. चारचौघांत सुनावलं, "तुझ्या बापाला पाढे मी शिकवले, तुलाही मीच! आणि मला कागद मागतेस?"

ती उभी राहिली. नजर खाली नव्हती. "बाई, सहावीत सहल गणेशपुरीला चालली होती. माझ्या परवानगीच्या कागदावर बाबांची सही नव्हती. बाबा रोज तुम्हाला भेटायचे, तरी तुम्ही मला बसमध्ये घेतलं नाही. मी फाटकापाशी रडत होते. तुम्ही म्हणालात, सही नाही तर नाही, मग ती कुणाचीही मुलगी असो."

  मग ती काउंटरमागून बाहेर आली, मला स्टुलावर बसवलं आणि हळूच विचारलं, "रोज किती घेता, बाई?"

"एक," मी म्हणाले. मग म्हणाले, "कधी दोन. आठवत नाही गं." आणि तिथेच रडले, नाक्यावर, गिऱ्हाइकांसमोर.

डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. ते चांगलेच तडकले, पण म्हणाले, एकदम सोडायच्या नाहीत, ते आणखी धोक्याचं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या. घरी येऊन मी सुनेला सगळं खरं सांगितलं, आणि तिने रजा टाकली. गोळ्या तिच्या ताब्यात. ती तुकडा हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची, जशी मी वर्गात उभी राहायचे. हात थरथरायचे, चिडचिड व्हायची, मी तिला नाही नाही ते बोलले. ती म्हणायची, "बोला काय बोलायचं ते. तुकडा अर्धाच मिळंल." काय खमकी पोर!

महिना संपत आला तेव्हा गोळ्या पुऱ्या सुटल्या नव्हत्या, पण मी सहाला आपली आपण उठत होते. राजीनाम्याचं ती काही बोलली नव्हती, मी विचारलं नव्हतं. रजा संपली त्या सकाळी तिने साडी नेसली, पर्स घेतली. पोरगी माझ्या मांडीवर दूध पीत होती. सून गल्लीच्या तोंडाशी गेली, थांबली आणि पळत परत आली. मला वाटलं, नाही जमत म्हणणार, पोरीला उचलणार.

तिने ओट्यावरचा विसरलेला डबा उचलला. "येतंय आई," म्हणाली आणि रिक्षा पकडायला धावली. एकदाही मागे वळून बघितलं नाही.