सव्वा इंच

आमचा दादा शिंपी आहे. कापडाला कात्री लावण्याआधी तो तीनदा माप घेतो आणि वर गिऱ्हाइकालाच विचारतो, "शिवून होईपर्यंत जाड नाही ना होणार?" त्याच्या या घोरामुळे घरात त्याला चिंतोपंत म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. धाकट्या बहिणीला एवढा हक्क असतोच.

या चिंतोपंताच्या वाट्याला आईचं आजारपण आलं. तिची मूत्रपिंडं थकली, तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी रक्त शुद्ध करून घ्यायला तिला शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागतं. पूल दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे वाट ओढ्यातून जाते. दादाकडे जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे, कंपनीतून आली तशीच. एके दिवशी ओढ्यापलीकडच्या चढावर, चिकट मातीत, ती आईसकट आडवी घसरत गेली आणि काठाच्या दगडाला टेकून थांबली. आई म्हणाली, "चल, उशीर होतोय." दादाला मात्र त्या संध्याकाळी सुईत दोराही मलाच ओवून द्यावा लागला.

टायर पार गुळगुळीत झाले होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही टायरच्या दुकानात गेलो.

"रुंद टायर घाला, अलॉयची चाकं टाका, गाडी थोडी उचलून घेऊ," टायरवाला म्हणाला. "वाघ दिसेल वाघ!"

"मला वाघ नकोय, आईला न्यायचंय," दादा म्हणाला. "गाडीत काही फेरफार करायचा नाही. आहे त्या गाडीत बसेल तेच द्या."

मग त्याने गळ्यातली टेप काढली. चाकावरच्या पत्र्यापासून टायरपर्यंतची जागा मोजली. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते पाहिलं. गाडीत वाळूची पोती टाकून पुन्हा तेच केलं. स्टेपनी मागच्या दारावर मावते का, ब्रेक तसेच लागतील का, काटा वेग कमी तर दाखवणार नाही ना, असं विचारून विचारून त्याने टायरवाल्याचं डोकं खाल्लं. चाकं जुनी लोखंडीच ठेवली, कारण लोखंड वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. टायर मोठ्या गोट्यांचे, म्हणजे चिखल धरणाऱ्या रबरी उंचवट्यांचे, आणि गाडीत फेरफार न करता बसतील त्यांतले सगळ्यांत उंच घेतले. उंच घेतले की गाडीचं पोट दगडाला लागणार नाही, हा हिशोब.

हिशोब चोख होता. शनिवारी गाडी ओढ्यातून सरळ वर चढली आणि दादा कित्येक दिवसांनी शीळ घालत घरी आला.

पण पुढच्या बुधवारी आई गाडीशी थबकली. पाय उचलला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. दादा हात द्यायला धावला तर तिने तो झटकला. "पोत्यासारखी चढवू नका मला." मी स्टूल आणलं. त्याच्याकडे पाहून ती वळली आणि घरात जाऊन झोपली. "पाय गेले माझे," भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आता स्टुलावरून चढायचं, उद्या खांद्यावरून जायचं. पुरे झालं. मी येत नाही."

बुधवार हुकला. शुक्रवारी तिच्या चेहऱ्यावर सूज आली आणि ती उशीला टेकून बसून श्वास घेऊ लागली. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, शनिवार चुकवू नका. दादा काही खाईना. मला एकीकडे तिच्या जिवाची भीती वाटत होती आणि दुसरीकडे तिच्या हट्टाचा संताप येत होता.

दुपारी तिच्या पायांना तेल लावताना नडगीवर दोन ओरखडे दिसले, एकाखाली एक, खपली धरलेले.

"हे काय गं?"

"गाडीच्या पायदानाला लागलं. शनिवारी. सांगितलं ना, पाय उचलत नाही."

शनिवारी म्हणजे नव्या टायरांच्या पहिल्याच फेरीला! मी तशीच तेलकट हातांनी बाहेर धावले. जुना टायर शेडमध्ये पडला होता. तो ढकलत आणून नव्याशेजारी उभा केला आणि दादाला हाक मारली. त्याने दोन्हींच्या माथ्यांमधलं अंतर टेपने मोजलं.

"अडीच इंच," तो म्हणाला. "गाडी चाकाच्या मध्यावर टेकते, म्हणजे ती त्याच्या निम्मी वर. सव्वा इंच." टेप त्याने परत गळ्यात टाकली. "अगं, साऱ्या गावाच्या पायांची मापं घेतो मी."

आईला आम्ही सरळ सांगितलं, तुझे पाय तेच आहेत, गाडी उंच झालीय. ती म्हणाली, "मला समजावायला आलात होय?" तिचा विश्वास बसेना. मरायला टेकलेल्या माणसाशी सगळे गोड बोलतात, हे तिला माहीत होतं.

मग उरला एकच उपाय. टायरवाला कुरकुरला, पण संध्याकाळपर्यंत त्याने जुन्याच मापाचे, जाड गोट्यांचे टायर चढवून दिले. "गोटे कोरे आहेत, दोन सूत, म्हणजे पाव इंच तरी वाढणारच," दादा परतताना पुटपुटत होता. "आणि पोट दगडाला लागलं तर? आणि ती उठलीच नाही तर?" मी त्याला गप्प बस म्हटलं.

शनिवारी सकाळी मी आईला म्हटलं, "एकदाच पाय ठेवून बघ. नाही जमलं तर परत विचारणार नाही." खोटंच बोलले मी. ती माझा हात धरून अंगणात आली आणि गाडीशी पोचल्यावर तो सोडला. दादा पलीकडच्या बाजूला तोंड फिरवून उभा होता.

तिने दाराची मूठ धरली. पाय उचलला. बोटं पायदानाच्या कडेला घासली, क्षणभर अडली, आणि मग तळवा पूर्ण टेकला. दुसरा पाय वर आला. ती धापा टाकत आत बसली आणि बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

गाडी ओढ्याच्या पाण्यात उतरली. खाली दगड खरवडल्याचा आवाज झाला, पण गोट्यांनी चिखल धरला आणि आम्ही वर निघालो.

तेव्हा आई म्हणाली, "बुधवारी किती वाजता निघायचं?"