सुलूचा शिक्का

सुलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवघरच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. पहिल्यांदा आला तो तिचा रागच. मला विचारल्याशिवाय ही बाई साडीसुद्धा घेत नसे, आणि एवढा मोठा निर्णय परस्पर! आता महिना झाला. राग अजून आहे, पण तिची आठवण निघाली की हसूच येतं...

वीस वर्षं आम्ही एका ऑफिसात काढली. निवृत्त झाल्यावर तिने मला चौक गावात ओढलं. तिथल्या मासळीवाल्या बायकांच्या बर्फाच्या पेट्यांत तिने बॅटरीवर चालणारे छोटे सेन्सर बसवले. पेटी तापली की बिनतारी संदेश शेजारच्या डोंगरी गावातल्या अँटेनावरून एका सर्व्हरकडे, तिथून दुसऱ्याकडे आणि मग बायकांच्या मोबाइलवर. सेन्सरचा संदेश कुलूपबंद होता, दोन सर्व्हरमधलं बोलणं मात्र उघडं. सुलूला ते खुपायचं. "अगं, मासळीचं तापमान कोण चोरतंय?" मी म्हटलं. "चोरणार नाही, खोटं सांगेल!" आणि तिने ते करूनच दाखवलं. या बायकांच्या गटाच्या प्रमुख जनाबाईंच्या रिकाम्या पेटीतला बर्फ वितळू दिला आणि दोन सर्व्हरच्या मध्ये लॅपटॉप घुसवून 'सगळं थंड' असा संदेश सोडला. जनाबाईंनी पेटीत हात घातला. "बरफाचं पानी झालंय, नि फोन थंड म्हनतोय?" सुलूने आनंदाने टाळ्या पिटल्या. आधी यथेच्छ शिव्या मिळाल्या, मग तळलेले बोंबील.

त्यानंतर दोन्ही सर्व्हरना तिने डिजिटल ओळखपत्रं दिली. एकमेकांचं ओळखपत्र तपासल्याशिवाय दोघे एक अक्षरही बोलत नाहीत. मुदत एकच वर्ष. दुसऱ्या वर्षी सुलू स्वतःच तारीख विसरली आणि तिच्याच सर्व्हरनी एकमेकांशी अबोला धरला. "माझंसुद्धा ऐकत नाहीत!" स्वतःची पोरं वर्गात पहिली आल्यासारखं सुलू गावभर सांगत सुटली.

यंदाची मुदत गेल्या आठवड्यात संपत होती. ती चुकली असती तर इशारे बंद, आणि बायका बाजारात असताना इकडे मासळी नासली असती. नव्या ओळखपत्रावर सुलूचाच डिजिटल शिक्का लागतो. त्याचा पासवर्ड तिने अर्धा मला, अर्धा जनाबाईंना दिला होता, एकमेकींना न सांगण्याच्या बोलीवर. "आम्ही भांडलो तर?" मी तेव्हा विचारलं होतं. "मासळीसाठी तरी गोड बोलाल."

मुदतीच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉपवर माझा अर्धा भाग टाइप केला. जनाबाईंनी चष्मा लावला. "तोंड तिकडं कर." मी भिंतीकडे वळले. एका बोटाने टक... टक... चाललं होतं.

"जनाबाई, पुटपुटू नका, ऐकू येतंय!"

"मंग कान पन झाक!"

शेवटी नवं ओळखपत्र स्क्रीनवर उमटलं. खाली 'ओळखीची हमी देणार' असं लिहून पुढे नाव होतं, सुलभा. मी ते मोठ्याने वाचलं.

"म्हंजे अजून वरीसभर तिचा सबूद चालनार?"

"चालणार."

"मंग बरं हाय," म्हणत जनाबाई पेटीत बर्फ भरायला गेल्या. मी मात्र तिथेच ते नाव पुन्हा पुन्हा वाचत बसले.