दैवशालाचा मंतर

शाळेत खिचडी शिजवणारी दैवशाला त्या खिचडीवर मंतर फुंकते, अशी कुजबूज आमच्या गावात होती. दर महिन्याला ती भोकरदनहून कसलीशी पुडी आणते, हेही बायांनी हेरलं होतं. पोरं घरून डबे नेऊ लागली आणि तिला कामावरून काढायला बैठक ठरली. आधी चौकशीला मी गेलो. असल्या कामाला माझ्याशिवाय कोण? शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीआडून पाहिलं, तर बाई गॅसच्या बटणाला हात लावून पुटपुटत होती.

“काय गं, कोणावर मंतर मारून राह्यली?”

“मामा, गॅस बंद झाला का ते बघून राह्यले. एकवीस खेपा मोजून हात न्हाई लावला तर पोरं जळतील वाटतं. गोळ्यांनी आता आठावर आले.”

तिला विचारूनच बैठकीत हे सांगितलं. तिचं काम टिकलं.

दैवशालाला मंतर येत नव्हता. तिला खात्री न पटण्याचा आजार होता, आणि पुडीत त्याच्या गोळ्या होत्या.