पिपाणी तेवढी बंद कर

नेडीन क्रिब्सचं मागणं एवढंच होतं, की गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी तेवढी बंद करायची. बाकी गाडीला हात लावायचा नाही. आणि तिच्या नवऱ्याने, हॉइटने, ती पिपाणी सोडून गाडीतल्या एकूण एक वस्तूला हात लावला.

गाडी गोल्फची, विजेवर चालणारी. मैदानाकाठी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या दंतवैद्याकडून नेडीनने ती स्वतः चालवून, पारखून घेतली होती. पांढरी, बुटकी, चाकं जेमतेम, पुढे चहाचा पेला ठेवायला खळगा. दिसायला लग्नाच्या केकसारखी, पण चालली की नुसती सरकायची. घरामागच्या रानातला भुईमूग काढून झाला होता. तिथे तिने दोन फेऱ्या मारल्या, तर कुंपणावरचे कावळेसुद्धा उडाले नाहीत. फक्त मागे घेताना ती पिपाणी असा गळा काढायची, की शेजारचा कुत्रा भुंकत सुटायचा.

गाडी हवी होती एका सकाळपुरती. दक्षिण जॉर्जियात हरणाचा हंगाम उघडतो त्या सकाळी जो घरी अंथरुणात असतो, तो एक तर आजारी असतो नाहीतर परगावचा. गावच्या शिकारी क्लबच्या जंगलात प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाचं झाडावर मचाण, कुणाचं जमिनीवर लपण. नेडीनचं लपण पार टोकाला, ओढ्याच्या वळणावर, ओकच्या झाडांत. बायकांनी शिबिरात फक्त बिस्किटं भाजावीत असा रिवाज होता, त्या काळात तिने ते चिठ्ठीत जिंकलं होतं. त्या जागेवर तिचा किती जीव होता हे हॉइटलाही पुरतं ठाऊक नसेल.

पण क्लबचे नियम कडक. पहिल्या सकाळी फाटकाच्या आत इंजिन न्यायचं नाही; पायी जा, नाहीतर विजेवर. आणि त्या सकाळी जो आपल्या जागेवर बसला नाही, त्याच्या जागेची दुपारी चिठ्ठी निघते. लग्न, मयत, ताप, कसलीच सबब चालत नाही. शाळेची बस चालवता चालवता नेडीनचा डावा गुडघा क्लचने खाल्ला होता. मागच्या वर्षी ती लपणापर्यंत गेली ती झाडाझाडाला धरत, आणि येताना रडली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण अध्यक्षांचा जावई टेरेल, ज्याचा त्या लपणावर केव्हाचा डोळा होता, त्याला ती लंगडताना दिसायची ती दिसलीच.

"ही नेणार तू जंगलात?" हॉइट गाडीभोवती फिरत म्हणाला. "हरणं हसून मरतील. गोळीसुद्धा लागायची नाही."

"हसू देत. तू पिपाणीची तार तोड."

"ते दोन मिनिटांचं काम गं, शुगर. शेवटी करू."

हॉइट स्वतः शिकारी नव्हता. गप्प बसणं त्याच्या रक्तातच नाही. जन्मभर त्याने भुईमूग काढायची यंत्रं दुरुस्त केली होती, आणि आमच्याकडच्या पुरुषांचं एक आहे, की चाकाची कुठलीही वस्तू हाती लागली की ते आधी ती उंच करतात. दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढली. खाली लोखंडी सांगाडा बसला, ट्रॅक्टरला शोभतील अशी टायरं आली, आणि जुनी चाकं हॉइटने टेरेलला त्याच्या होडीच्या गाडीसाठी देऊन टाकली.

मोठ्या टायरांनी मोटर कण्हायला लागली. मग दणकट मोटर आली. तिने जुन्या तारा तापवल्या, म्हणून जाड तारा आल्या. त्या वीज सोडणाऱ्या जुन्या पेटीला झेपेनात, म्हणून नवी पेटी. बॅटऱ्या भुईमुगाच्या टरफलांसारख्या रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा त्याही बदलल्या. नव्या बॅटऱ्या जड, म्हणून स्प्रिंगा बदलल्या. मग बंदुकीला घोडी, चिखलातून ओढायला चरखी, आणि वरून झाडपाल्याचा रंग. एक भोक बुजवावं तर दोन उघडी पडत होती, आणि हॉइट शीळ घालत होता.

"पिपाणी?" नेडीन दर शनिवारी विचारायची.

"आता या पेटीत सगळी जोडणी नव्याने करायचीय. शेवटी एकदाच."

एकदा ती स्वतःच पक्कड घेऊन गेली, तर तो ओरडला, "तारांना हात लावू नकोस! चुकीची तोडलीस तर अख्खी पेटी जळेल!" तिने पक्कड बाकावर आपटली आणि घरात जाऊन भांडी आपटली. चांगली चालणारी गाडी, आणि ती गेले कित्येक आठवडे चालताना कुणी पाहिली नव्हती. संताप संताप झाला होता तिचा.

हंगामाच्या आदल्या दुपारी हॉइटने गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. "बस," तो म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

नेडीनने गाडीकडे पाहिलं. गाडीचा तळ तिच्या मांडीला लागत होता. तिने डावा पाय उचलला. तो अर्ध्यात थांबला. उजवा टाकून दांडीला धरून अंग ओढलं, तसा सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला, आणि ती मटकन शेडमधल्या भुशात बसली.

"अगं! थांब, उचलतो—"

"हात लावशील तर बघ!" तिला रडू फुटत होतं आणि ते तिला त्याच्यासमोर फुटायला नको होतं. "हॉइट, ही गाडी आपण कशासाठी घेतली?"

"शिकारीला."

"गुडघ्यासाठी घेतली रे! माझ्या गुडघ्यासाठी! मी गुडघा म्हणत होते आणि तुला टायर ऐकू येत होतं!"

हॉइटने इकडेतिकडे पाहिलं आणि एक बादली आणून उपडी ठेवली. "यावर पाय दिलास तर..."

"आणि तिकडे परत चढताना बादली कोण ठेवणार? हरीण?"

हॉइटने बादली पायाने बाजूला सारली. मग ट्रकची किल्ली काढली. नेडीनही शेजारी जाऊन बसली, कारण एकटा सोडला तर हा येताना आणखी काहीतरी घेऊन येईल अशी तिला खात्री होती.

टेरेल अंगणात होडी धूत होता. त्यांच्या गाडीची जुनी चाकं होडीच्या गाडीला लावलेली दोघांनाही दिसली. सगळं ऐकून तो हसला.

"या टकल्या टायरांवर ओढा गाठणार, मिस नेडीन? त्यापेक्षा सरळ शिबिरात नाश्त्यालाच या ना. देतो की चाकं. पण बदल्यात ती तुमची नवी मोठी टायरं माझी."

ती टायरं हॉइट रोज संध्याकाळी फडक्याने पुसायचा. त्याने एकदा नेडीनकडे पाहिलं.

"घे," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने सांगाडा उतरवला, जुन्या स्प्रिंगा लावल्या, चाकं बसवली. नेडीनने बत्ती धरली. काम संपल्यावर हॉइट तिथेच खुर्चीत झोपला, आणि दोन मिनिटांचं ते शेवटचं काम तसंच राहिलं.

पहाटे तिने फाटकावरच्या फळीवर, ओढ्याच्या वळणाच्या खिळ्याला, आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला अडकवला आणि आत शिरली. गाडी पहिल्या दिवशीसारखी सरकत होती. टकली टायरं चिखलातून बिनबोभाट निघाली. कितीतरी आठवड्यांनी तिला बरं वाटत होतं.

लपणाच्या मागे वळसा घालून गाडी पुढच्या पुढे झुडपात लावायची, मागे घ्यायचीच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण वळशावर वादळाने ओकची फांदी आडवी टाकली होती. पुढे फांदी, बाजूला ओढा, आणि गाडी भर वाटेत. उजाडायला लागलं होतं. नेडीन गाडी मागे घ्यायच्या बटणावर हात ठेवून बसून राहिली. मग दात आवळून तिने ते दाबलं.

पिपाणीने सगळं जंगल डोक्यावर घेतलं. एका झटक्यात गाडी झुडपात शिरेना, म्हणून तीनदा मागे घ्यावी लागली, आणि तीनदा ती वाजली. तेवढ्यात नेडीनने हॉइटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ती लपणात जाऊन बसली, आणि दुपारपर्यंत तिथे एक खारसुद्धा फिरकली नाही.

शिबिरात पोचली तेव्हा सगळे ताटं घेऊन जेवत होते आणि टेरेलचा आवाज चढला होता. "चांगलं शिंगाळं हरीण समोर आलं होतं माझ्या! आणि कुठला गाढव ओढ्यावर पिप्‌ पिप्‌ करत होता! लाकूडवाल्यांचा ट्रक असणार. शेपटी वर करून पळालं!"

जेवणं झाल्यावर अध्यक्ष क्लेबर्न म्हाताऱ्याने चिठ्ठ्यांची टोपी पुढे घेतली. "कुणाची जागा रिकामी राहिली?"

"ओढ्याचं वळण," टेरेल म्हणाला. "बिल्ला होता, पण बिल्ला काय, नवराही लावून जाईल. त्या टायरांवर मिस नेडीन तिथवर गेली, हे कुणी पाहिलंय? मी तरी नाही."

कुणीच पाहिलं नव्हतं. एवढं करून शेवटी हे, असं म्हणत नेडीनने खुर्ची मागे सारली. ती बोलायला उठणार, तोच म्हाताऱ्याने तोंडातली काडी बाजूला केली.

"टेरेल, सकाळी ती पिपाणी कुठे वाजली म्हणालास?"

"ओढ्याच्या वळणा..." टेरेल म्हणाला, आणि थांबला.

"गोल्फची गाडी मागे घेताना वाजते ती," म्हातारा म्हणाला. "माझ्या बायकोच्या बहिणीकडे आहे." आणि त्याने चिठ्ठ्या खिशात ओतून टोपी डोक्यावर ठेवली. अख्खं शिबिर टेबलं बडवून हसलं.

घरी हॉइट शेडच्या दारात पक्कड घेऊन उभा होता. बातमी त्याला फोनवर आधीच कळली होती.

"मी काय म्हणतो, तोडायची कशाला? बटण बसवू. हवं तेव्हा वाजेल. फक्त त्याला एक वेगळी छोटी पेटी—"

नेडीनने त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"कुठली तार?"

"पिवळी. पण शुगर, ऐक तरी—"

तिने वाकून तार तोडली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.