परडीतली बाळंतीण

“अगं बया! माझ्या परडीत कोन बाळंत झालंय गं!”

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी मागच्या खोलीतून ही आरोळी ठोकली, तेव्हा सोलापूरहून यात्रेकरू घेऊन आलेली एसटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गपकन थांबली आणि आतल्या निम्म्या लोकांनी कळस दिसला असं समजून हात जोडले. ‘उदे उदे’ मी माझ्या कानांनी ऐकलं. आमचे हे म्हणतात, एसटी रोज तिथंच थांबते. हे कारकून माणूस. रोज घडणाऱ्या गोष्टीचं त्यांना कधी काही वाटलेलं नाही.

मी ब्रश तोंडात तसाच धरून पळाले. सासूबाई शिलाई मशीनजवळ उभ्या होत्या. मशीनवर त्यांची वेताची परडी. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती हातात घेऊन त्या पाच घरी देवीचा जोगवा मागतात. तापात गेल्यात, लग्नघरातून उठून गेल्यात, एकदा तर पायाला प्लॅस्टर असताना रिक्षा करून गेल्यात. आणि आज त्या परडीत एक तपकिरी गिनीपिग बसली होती. पोटाशी लिंबाएवढी तीन पिल्लं. चौघंही सासूबाईंकडं अशी बघत होती, की जणू दार न वाजवता आत आलेल्या याच.

चूक माझीच होती, पण ती मी लगेच कबूल केली नाही.

आदल्या संध्याकाळी स्कूटरवरून एक जोडपं आलं होतं आणि दारात खोकं ठेवून, “ताई, पोरांची परीक्षा आहे हो,” एवढंच बोलून निघून गेलं होतं. आमच्या घरी गिनीपिग अशीच येतात. पहिली दोन शेजारच्या मुलीची. ती शिकायला पुण्याला गेली, ही दोघं माझ्याकडं राहिली. मग बातमी पसरली. कुणी वाढदिवसाला सोलापुरातून ससा समजून आणलेलं, कुणाच्या पोराचं महिन्याभरात मन उडालेलं, कुणाच्या घरी मांजर आलेलं. आंब्याच्या पेटीतून आली, कुकरच्या खोक्यातून आली, एक तर लग्नाच्या आहेरातल्या पिशवीतून आलं. मी नको म्हणत नाही, हा माझा दुर्गुण सगळ्या तालुक्याला कळला. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दोन खण केले, नर इकडं, माद्या तिकडं, मध्ये जाळी. माझ्याकडं आलेल्यांनी जगायचं, खायचं, पण वाढायचं नाही, एवढा एकच नियम. त्या दिवशी तिथं मोजून सतरा होती. कोथिंबिरीच्या पिशवीचा नुसता आवाज झाला तरी सतराजणं मिळून अशी शिट्टी मारायची, की गल्लीतल्या बायका गॅस बंद करायला धावायच्या.

तर ते खोकं खालून भिजलेलं. वीज गेलेली. हाताला जी टोपली लागली तीत मी जनावर ठेवलं, वर फडकं टाकलं. ती टोपली म्हणजे घासूनपुसून वाळत ठेवलेली परडी आहे हे मला दिसलं नाही, आणि आतली बाई दिवस भरलेली आहे हेही दिसलं नाही. त्या जोडप्यानं ‘नर आहे’ असं सांगितलं होतं. लोक काहीही सांगतात.

“हे बघा आत्याबाई,” मी तोंडातला फेस गिळत म्हणाले, “हिनं स्वतःच निवडलेली दिसतीय जागा. एवढं घर पडलंय, पण गेली कुठं, तर देवीच्या परडीत.”

“पाय हायेत का तिला, मशीनवर चढाया?”

सासूबाईंपुढं थाप मारायची तर ती अशी लंगडी असून चालत नाही.

“बास झालं,” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं गप बसले. आज ह्ये समदं घराभाईर. त्या तेरच्या पावण्याला फोन लाव. म्हनत व्हता न्हवं, शेतात सोडतो म्हनून?”

तेरचे पाहुणे म्हणजे यांचे चुलत मेव्हणे, मोठ्या मनाचा माणूस. नदीकाठी शेत, शेतात तीन कुत्री, गोठ्यात मांजरांचं खानदान. “जनावराला मोकळं पाहिजे,” असं ते प्रत्येक सणाला मला ऐकवायचे. आता गिनीपिगला बीळ काढता येत नाही, झाडावर चढता येत नाही, चावा घेऊन पळताही येत नाही. संकट आलं की ते जागच्या जागी थिजतं. त्यांच्या शेतात माझी सतरा मोकळी जनावरं दुपारच्या चहापर्यंतही टिकली नसती.

तेव्हा मला सासूबाईंचाच नियम आठवला. आमच्या गल्लीत कुणाची सून, कुणाची लेक बाळंत झाली, की अंगाला तेल लावायला, धुरी द्यायला सासूबाईच जायच्या. एकदा एका घरात नवराबायकोचं भांडण होऊन पाचव्या दिवशीच सुनेला माहेरी धाडायला निघाले होते, तर या दारात आडव्या बसल्या होत्या.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणाले. “लावते फोन. फक्त एक सांगा, बाराव्या दिवसाच्या आत बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढलेलं चालतं का?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग परडीकडं. तिथं एका पिल्लानं नेमकी तेव्हाच जांभई दिली. याचं श्रेय मी आजवर स्वतःकडं घेत आलेय.

“बारा दिस,” सासूबाई म्हणाल्या. “बाराव्या दिशी समदी फौज भाईर. आन ह्ये फडकं बदल आधी, वल्लं हाय.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी देवळाच्या वाटेवरच्या दुकानातून नवी परडी आणली. जुनी बाळंतिणीला राहिली. “आता ती इटाळली,” एवढंच म्हणाल्या. पण रात्री तिच्याखाली त्यांच्या जुन्या नऊवारीचं धडपं अंथरलेलं होतं.

पुढचे बारा दिवस आमच्या घरात जे चाललं ते कुठल्याच सुनेच्या वाट्याला आलं नसेल. माझ्या तर नाहीच. सकाळी शेपू. “बाळतीन हाय, शेपू पायजे.” पंखा बंद. “वारं लागंल.” यांनी जोरात शिंकायचं नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लं पळायलाच लागली, केसाळ, डोळे उघडे, तोंडात दात, आणि एकानं आईच्या पुढ्यातला शेपू ओढून खाल्ला. सासूबाई मांडी घालून बघत होत्या.

“ह्ये काय पोरं हायेत व्हय? ह्ये तर घरून जेवून आलेले पावने.” आणि यांच्याकडं वळून, “तुला चालाया दीड वरीस लागलं व्हतं. आन तेबी भितीला धरून.”

हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले ते ऑफिसची वेळ होईपर्यंत.

मी मात्र दिवस मोजत होते. ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. फुलांची चित्रं आली, अंगठे आले, मुरूमहून एका व्यापाऱ्यानं ‘औषधाला चालतं का’ म्हणून विचारलं. त्याला मी जे उत्तर पाठवलं त्यामुळं मला ग्रुपमधून काढून टाकलं. घर एकालाही मिळालं नाही. शेडमध्ये शिरले की सतरा तोंडं जाळीला यायची, घरातली चार धरली तर आता एकवीस, आणि मला वाटायचं, यांना तेरची कुत्री कशी समजावून सांगू.

बारावा दिवस उजाडला. सासूबाईंनी सकाळीच हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजत घातल्या. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, “कुणाचं बारसं हो?” तर म्हणाल्या, “कुनाचं न्हाय. खाव्या वाटल्या.” आणि ताटभर तिच्या हातात दिल्या.

अकराच्या सुमाराला, ठरल्याप्रमाणं, तेरच्या पाहुण्यांचा टेम्पो दारात आला. पाहुणे हसत उतरले. यांनी शेडमधून आंब्याच्या पेट्या बाहेर काढायला सुरुवात केली. पहिली पेटी टेम्पोच्या फळीवर टेकली आणि माझी अक्कल, जी एरवी माझ्या बरीच पुढं चालते, ती एकदम पळत सुटली. मी नरांच्या खणात हात घातला आणि त्यातला सगळ्यात जाडा उचलला. भाकरी चोरून खाऊन खाऊन नारळाएवढा झालेला, तालुक्यात त्याच्याइतकं सुखी कुणी नाही.

“आत्याबाई, थांबा!” मी ओरडले. “ही बघा! ही पण भरलेली आहे! आज-उद्यात मोकळी होईल! अशा अवस्थेत हिला टेम्पोत घालायचं?”

पाहुणे हसायचे थांबले. हे पेटी हातात धरून उभे. माझा हिशेब सरळ होता. सासूबाईंनी बाळंतपणं पाहिलीत ती बायकांची, जनावराच्या बाबतीत माझ्या शब्दावरच विश्वास ठेवतील.

त्या सावकाश आल्या. माझ्या हातातून तो गोळा घेतला, पोटावरून बोट फिरवलं, दाबून पाहिलं. मग त्याला उताणा केला आणि चांगला वेळ घेऊन पाहिला. मी आभाळाकडं बघत होते. त्यांनी त्याला पुन्हा सरळ केला, पदरात घेतला.

“काय हाय मामी?” पाहुण्यांनी विचारलं. “न्यायचं का न्हाय?”

“भरलेली हाय,” सासूबाई म्हणाल्या. “टेम्पो ने माघारी.”

टेम्पो गेला. हे पेट्या आत न्यायला लागले. मी चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले, तर त्या माझ्या मागोमाग आल्या आणि जाड्याला माझ्या हातात दिला.

“नर हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. “बाळंत होईस्तवर राहू दे समदे.”